डिस्क म्हणे ठणठणीत

मशीन मेलं हे जाहीर करायला काय लागतं? तोंड लागतं, बस्स. वल्लरीच्या बरोबरीने त्याच लॅबमध्ये काम करणाऱ्या निमिषकडे ते होतं आणि चांगलं भरभक्कम होतं. शुक्रवारी सकाळी लॅबमधल्या जुन्या कॉम्प्युटरमधून टक्-टक् असा आवाज यायला लागला, दोनदा स्क्रीन गोठली, आणि निमिषने खुर्चीतून न उठता, हातातला कॉफीचा मगही खाली न ठेवता निदान करून टाकलं. डिस्क गेली यार. असा आवाज लागला की चोवीस तास, फार तर अठ्ठेचाळीस. मुंबईला त्याच्या होस्टेलवर तीन जणांच्या डिस्क अशाच गेल्या होत्या म्हणे. त्या तिघांचं पुढे काय झालं ते त्याने सांगितलं नाही.

वल्लरी मात्र हातातलं काम टाकून मशीनपाशी येऊन उभी राहिली. कारण त्या डिस्कवर जे होतं ते तिचं होतं.

थंडीत ज्वारीची मुळं कशी वाढतात, हा तिच्या पीएचडीचा विषय. मिनेसोटात थंडीची काय कमी, असं ईडन प्रेरीतल्या तिच्या घरमालकीण काकू दर हिवाळ्यात म्हणत आणि स्वतःच हसत. पण मुळांना हवी असते मोजूनमापून दिलेली थंडी. काचेच्या चपट्या पेट्यांत ज्वारी लावायची, त्या पेट्या एका मोठ्या थंड कपाटात ठेवायच्या, त्याला लॅबमध्ये चेंबर म्हणत, आणि काचेला चिकटवलेल्या चार स्कॅनरनी दर वीस मिनिटांनी मुळांचे फोटो काढायचे. असं चौदा महिने चाललं होतं. एक लाखाच्या वर फोटो झाले होते. बियाणं एका जुन्या वाणाचं, सतरा परवानग्या काढून एकदाच आणलेलं, आणि त्यातलं आता जेमतेम मूठभर उरलेलं. फंडिंग मे महिन्यात संपणार होतं. फोटो गेले तर पुन्हा पेरायला पुरेसं बी नाही, बी मिळालं तरी वर्ष नाही, वर्ष मिळालं तरी पगार नाही, आणि पगार नाही म्हणजे व्हिसा नाही. पाच वर्षं राबून, डिग्री न घेता, हात हलवत इचलकरंजीला परत.

बॅकअप नव्हता का, असं तुम्ही विचाराल. विचारा, सगळ्यांनीच विचारलं. होता की! दर शुक्रवारी वल्लरी आणि निमिष आळीपाळीने स्क्रीनवरचं बॅकअपचं बटण दाबत, काम पूर्ण झालं अशी पाटी येई, आणि दोघं समाधानाने घरी जात. पूर्वी ती कॉपी नेटवर्कवरून युनिव्हर्सिटीच्या सर्व्हरवर जायची. पण स्कॅनरचं सॉफ्टवेअर जुन्या विंडोजशिवाय चालत नव्हतं, आणि असलं म्हातारं विंडोज नेटवर्कवर नको म्हणून दीड वर्षापूर्वी आयटीवाल्यांनी त्या कॉम्प्युटरची वायर काढून नेली होती. बटण बिचारं तसंच राहिलं. सर्व्हर सापडेना, तेव्हा ते कॉपी ठेवत होतं कुठे? त्याच डिस्कवर, शेजारच्या फोल्डरमध्ये. कपाटाची दुसरी किल्ली त्याच कपाटात ठेवून कुलूप लावावं, तसला प्रकार. दोन शिकलीसवरलेली माणसं, साठ शुक्रवार, आणि एकालाही ती कॉपी एकदा तरी उघडून बघावीशी वाटली नाही! त्या सकाळी हे उघडकीला आलं तेव्हा निमिषने पहिल्यांदाच हातातला मग खाली ठेवला. वल्लरीने स्वतःलाही सोडलं नाही. त्यातले तीस शुक्रवार तिचे होते.

परीक्षित सर आले. डॉक्टर परीक्षित म्हणजे तिचे गाइड, मूळचे पुण्याचे, अमेरिकेत येऊन एकतीस वर्षं झालेले. सगळी लॅब त्यांना पॅरी म्हणायची आणि त्यांना ते आवडायचं. मराठी ते फक्त दार बंद असताना बोलत, तेही काहीतरी बिनसलं असेल तर. त्यांनी आवाज ऐकला, निमिषचं निदान ऐकलं, आणि मान डोलावली. मशीन बंद करा, कोणी हात लावू नका, डिस्क डेटा काढून देणाऱ्या कंपनीला पाठवू. ते लोक दोन महिने घेतात. मिळालं तर मिळालं.

मिळालं तर मिळालं! कोणाचं काय जात होतं?

वल्लरी जागची हलली नाही. तिला तो आवाज पटत नव्हता. तिच्या वडिलांचं, गुरुनाथ यांचं, इचलकरंजीत मोटार वाइंडिंगचं दुकान होतं, आणि शाळा सुटल्यावर ती तिथेच स्टुलावर बसून अभ्यास करायची. जळकी मोटार, कोरडं बेअरिंग, सैल झालेला पंखा, प्रत्येकाचा आवाज तिला पाढ्यांच्याही आधी पाठ झाला होता. डिस्क अडखळते ती वाचताना किंवा लिहिताना. इथे तर डिस्कचा छोटा दिवा विझलेला असतानाही टक्-टक् चालूच होतं. शिवाय चेंबरचा कंप्रेसर सुरू होऊन खोली तापली की टक्-टक् जलद व्हायचं, गार झाली की संथ. डिस्कला खोलीच्या हवेशी काय देणंघेणं? तिचा फिरायचा वेग ठरलेला. हवा बघून वेग बदलतो तो पंख्याचा.

तिने हे सरांना सांगितलं. सर म्हणाले, तू डिस्कची डॉक्टर नाहीस. ती म्हणाली, निमिषही नाही. मग तिने लॅब मॅनेजर डोनाकडे स्क्रूड्रायव्हर मागितला. डोना साठीची बाई, लॅबमधल्या प्रत्येक खिळ्याची जबाबदारी तिची, आणि तिला बोलण्यापेक्षा बघण्यात रस. तिने एकदा सरांकडे बघितलं, एकदा वल्लरीकडे, आणि खणातून लांब दांड्याचा स्क्रूड्रायव्हर काढून दिला.

वल्लरीने कॉम्प्युटरचं बाजूचं झाकण काढलं. स्क्रूड्रायव्हरचं टोक डिस्कच्या कडेला टेकवलं आणि मूठ कानामागच्या हाडाला लावली. निमिषने मोबाइल काढून तिचा फोटो घेतला, घेऊ दे. डिस्कमधून एकसारखी, बारीक गुणगुण येत होती, खंड नव्हता. मग तिने टोक पुढच्या पंख्याच्या चौकटीला लावलं. टक्. टक्-टक्. टक्. तिने मशीन बंद करून पंख्याच्या पात्यांमागे टॉर्च मारला, आणि तिचा चेहरा कानशिलापर्यंत तापला.

तांदळाचे दाणे होते. कुंकवाने लाल झालेले सात दाणे. एक हादऱ्यांनी घरंगळत येऊन नेमका पात्याच्या कडेला अडकून बसलेला.

आठ-दहा दिवसांपूर्वी खंडेनवमी झाली होती. इचलकरंजीच्या दुकानात त्या दिवशी एकही मोटार उघडत नाहीत. हातोड्या, पकडी, वाइंडिंगचं यंत्र, सगळं पुसून, मांडून, त्याला हळदकुंकू आणि अक्षता वाहतात, झेंडूचं फूल ठेवतात. जे हत्यार वर्षभर पोट भरतं त्याच्यापुढे एक दिवस वाकायचं, एवढंच. वल्लरी काही सोवळ्यातली नव्हती. उपास तिला झेपत नसत आणि आरत्या अर्ध्याच पाठ होत्या. पण तिचं हत्यार इथे कोणतं? हा कॉम्प्युटर. म्हणून तिने त्या दिवशी सगळ्यांच्या आधी येऊन त्याला कुंकू लावलं, डोक्यावर चिमूटभर अक्षता टाकल्या, फूल ठेवलं, आणि पाच मिनिटांत सगळं पुसून टाकलं. सगळं पुसलं असं तिला वाटलं. कॉम्प्युटरच्या डोक्यावर हवा जायला जाळी असते, एवढं मात्र या भावी डॉक्टरीणबाईंच्या ध्यानात आलं नाही. देवाला वाहिलेले दाणे सरळ मशीनच्या पोटात.

डोनाने विचारलं, हे काय आहे? निमिषला कळलं होतं, पण त्याने मूग गिळले. सरांनाही कळलं होतं. ते भिंतीवरचा चार्ट वाचायला लागले. पुसटसं काहीतरी बोलून वेळ मारून नेता आली असती. वल्लरीने ते केलं नाही. तिने सरळ सांगितलं, की हा पूजेचा तांदूळ आहे, आम्ही वर्षातून एकदा आपल्या हत्यारांची पूजा करतो, ती मी केली आणि हे दाणे माझ्या हातून आत पडले. डोनाने एक दाणा चिमटीत धरून उजेडात बघितला आणि म्हणाली, माझा आजोबा पेरणीच्या आधी ट्रॅक्टरला बिअर पाजायचा.

मशीन पुन्हा सुरू केलं. आवाज नाही. सगळ्यांनी हुश्श केलं, निमिष सगळ्यात मोठ्याने हसला, आणि सरांनी वल्लरीला आपल्या खोलीत बोलावून दार लावून घेतलं.

मग सुरू झालं मराठीत. एकतीस वर्षं ते या लोकांत वावरले, आपल्या जातीची, देवाधर्माची एक गोष्ट कधी कामाच्या जागी आणली नाही, म्हणून इथवर पोचले. उद्या डिपार्टमेंटमध्ये काय गोष्ट होणार? पॅरीच्या लॅबमध्ये मशीनला भात घालतात. घडलं त्याचा रिपोर्ट तर लिहावा लागणार होता, तो नियमच होता. सरांनी तोडगा काढला होता.

"कारणाच्या जागी 'बाहेरचा कचरा' असं लिही. जास्त खोलात जाऊ नकोस."

"कचरा नाही तो सर. अक्षता आहेत."

"त्यांना काय कळणार आहे त्यातलं?"

"लिहिलं तर कळेल."

सरांनी हात झटकले. वल्लरी बाहेर येऊन लिहायला बसली. तळपायाची आग मस्तकात गेली होती. पूजा केली ही चूक नव्हती. जाळीवर अक्षता टाकल्या ही चूक होती, आणि ती शंभर टक्के तिची होती. दोन्ही तिने दोन वेगळ्या वाक्यांत, आपल्या नावासकट लिहिलं आणि रिपोर्ट डोनाला दिला. डोनाने तो दोनदा वाचला. अकरा वर्षांत आपल्याकडे आलेल्या रिपोर्टांत स्वतःचं नाव कोणी आपणहून घातलेलं हे पहिलंच, असं ती म्हणाली.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण वल्लरीला आता दुसरीच गोष्ट खायला लागली. पंख्यात तांदूळ अडकला म्हणून टक्-टक् झालं, कबूल. पण स्क्रीन का गोठली होती? तांदळाने स्क्रीन गोठत नाही. लहानपणी दुकानात एक पिठाच्या गिरणीवाला मोटार घेऊन आला होता. तिचं बेअरिंग बदललं, आवाज गेला, गिरणीवाला खूश होऊन गेला आणि आठवड्यात मोटार जळून परत आली, कारण आतलं वाइंडिंग आधीच गेलेलं होतं. आवाजाच्या नादात ते कोणी तपासलंच नव्हतं. गुरुनाथांनी त्याच्याकडून एक रुपया न घेता ती पुन्हा भरून दिली होती.

सर मात्र थांबायला तयार नव्हते. शेवटच्या बारा रोपांचा चौदा दिवसांचा प्रयोग त्याच संध्याकाळी सुरू व्हायचा होता. रोपं बरोबर त्या वयाची झाली होती आणि रोपं कोणासाठी थांबत नाहीत. सुरू केला. वल्लरीने मधल्या वेळात फोटो दुसऱ्या डिस्कवर कॉपी करायला घेतले, तर कॉपी मार्च महिन्याच्या फोल्डरवर येऊन अडली. मशीन चार मिनिटं गोठलं आणि त्या चार मिनिटांत स्कॅनरचे फोटो हुकले. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. मार्चवर आलं की नांगी टाकायचं. निमिषचं मत, की यूएसबी जुनं आहे, नाहीतर फाइलींची नावं लांब आहेत, एकदा डिस्क दुरुस्तीचा प्रोग्राम चालवून टाकू. सर म्हणाले, प्रयोग संपेपर्यंत कॉपी करायची नाही, फोटो हुकतात. आणि दोघांनी मिळून तिला विंडोजचा एक पडदा दाखवला. त्यावर डिस्कच्या नावापुढे हिरवी खूण होती आणि लिहिलं होतं, ठीक. डिस्क म्हणे ठणठणीत. तीन-चार दिवसांपूर्वी हेच दोघं तिला मेली म्हणून पुरायला निघाले होते!

आता हे नीट ऐका, कारण सगळं घोडं इथेच पेंड खात होतं. डिस्क आपल्या तब्येतीची नोंद आपणच ठेवत असते. किती तास चालली, किती तापली, आणि कुठला कोपरा वाचताना अडखळली. अडखळलेला कोपरा ती संशयित म्हणून टिपून ठेवते. हे आकडे असतात, पण ते बघायला वेगळा प्रोग्राम लागतो. विंडोजची हिरवी खूण एवढंच सांगते, की कंपनीने आखलेली शेवटची रेघ अजून ओलांडलेली नाही. माणूस जिन्यावरून गडगडत येत असला तरी तळाशी आपटेपर्यंत तिच्या लेखी तो ठीकच.

वल्लरीने आकडे काढले. पहिल्या दिवशी संशयित कोपरे सोळा. दुसऱ्या दिवशी चाळीस. चौथ्या दिवशी एकशे छत्तीस. पाचव्या दिवशी सकाळी तीनशे चार. कोणाला शिकवायची गरज नव्हती. आकडा एका जागी थांबला असता तर जुनी जखम म्हणून सोडून देता आला असता. हा पळत होता. आणि दर वीस मिनिटांनी नवे फोटो लिहून, ते लिहिण्यासाठी डोकं आपटून, डिस्क स्वतःला संपवत होती. दुरुस्तीचा प्रोग्राम चालवला असता तर तो डिस्कच्या कानाकोपऱ्यात फिरून उरलासुरला जीवही काढून घेणार होता. आता करायचं एकच होतं. मशीन बंद करायचं, डिस्क बाहेर काढायची, आणि अडलेला भाग सोडून आधी चांगला भाग उचलणाऱ्या प्रोग्रामने तिची पूर्ण नक्कल करून घ्यायची. त्यापायी बारा रोपांचा प्रयोग पाचव्या दिवशी मोडणार होता.

ती कागदावर आकडे लिहून सरांकडे गेली. सर त्या दुपारी एका मीटिंगसाठी रेडमंडला निघाले होते, बॅग दारात होती. त्यांनी कागदाकडे नजर टाकली आणि तो परत केला. फंडिंगवाल्यांना या बारा रोपांचा अहवाल कबूल केलेला होता. नऊ दिवस उरले होते, नऊ दिवसांनी काय कॉपी करायची ती कर. आधी तांदूळ, आता आकडे, तुझं रोज काहीतरी नवीन असतं, असंही ते म्हणाले. आणि मग जाता जाता, अगदी शांतपणे, म्हणाले, प्रयोग बंद पडला तर तुझ्या वार्षिक रिव्ह्यूमध्ये मला तसं लिहावं लागेल, आणि मेनंतरच्या पैशांसाठी मी शब्द टाकणार नाही.

म्हणजे इकडे आड, तिकडे विहीर. डिस्क गेली तर पीएचडी गेली. डिस्क वाचवायला प्रयोग मोडला तर सर गेले, आणि सर गेले तर पीएचडी गेली.

बसस्टॉपवर ती दोन बस जाऊ देऊन बसून राहिली. भीती वाटत होती, खोटं कशाला सांगू? समजा तिचं चुकलं तर? समजा आकडा तीनशेवर थांबला, डिस्क आणखी दोन वर्षं सुखाने चालली, आणि लोकांच्या तोंडी एवढंच राहिलं, की भात घालणाऱ्या मुलीने घाबरून प्रयोगही मोडला? तिने पुन्हा पुन्हा तपासलं, पण आकड्यांचा दुसरा अर्थ लागत नव्हता. आणि मग तिला राग आला, आणि राग आला ते बरं झालं. सरांचे नऊ दिवस जाणार होते. तिचे चौदा महिने. ज्याचं जळतं त्याला कळतं. ज्याचं जळत नाही त्याला हिरवी खूण पुरते.

बुधवारी सकाळी नऊ वाजता ती डोनाकडे गेली आणि एक कोरी डिस्क मागितली. कशाला हवी ते सांगितलं, सर नाही म्हणालेत हेही सांगितलं, आकड्यांचा कागद पुढे ठेवला. डोनाने कागद वाचला नाही. ती म्हणाली, मला यातलं काही कळत नाही. पण तांदूळ स्वतःच्या नावावर लिहिणारी मुलगी डिस्कबद्दल मला खोटं सांगेल असं वाटत नाही. आणि स्टोअरचं कपाट उघडून तिने नवी डिस्क दिली. रजिस्टरमध्ये सही मात्र घेतली. नियम तो नियम.

वल्लरीने चेंबरचे चारही स्कॅनर थांबवले. कॉम्प्युटर बंद केला. मग सगळ्यात आधी सरांना एक मेल पाठवला: प्रयोग मी बंद केला आहे, डिस्कची नक्कल घेते आहे, वल्लरी. लपूनछपून काही करायचं नव्हतं. निमिष धावत आला, अगं वेडी आहेस का, पॅरी तुला फाडून खाईल यार, अजून वेळ आहे, चालू कर, मेल गेलाच नाही म्हणून सांगू. तिने त्याला टेबलफॅन आणायला पाठवलं. डिस्क तापता कामा नये.

एकतीस तास लागले. सुरुवातीला नक्कल भराभर झाली, मग मार्च आला आणि सगळं मुंगीच्या पावलाने चालायला लागलं. सर फोन करत होते, तिने पहिला उचलला. ते काय बोलले ते इथे सांगण्यासारखं नाही. तिने एवढंच म्हटलं, की नक्कल चालू आहे सर, मी आता उठू शकत नाही. पुढचे फोन तिने वाजू दिले. संध्याकाळी डोनाने तिला हाकलून घरी पाठवलं, सकाळी परत आली तेव्हा पंचाण्णव टक्के झालं होतं. निमिष तिच्या शेजारी येऊन बसला. पडद्याकडे बघत तो म्हणाला, की बॅकअपचं बटण आपण दोघांनीही उघडून बघायला हवं होतं. त्याच्या तोंडून हे ऐकायला तिला बरं वाटलं.

गुरुवारी दुपारी चार वाजता नक्कल पुरी झाली. एक लाख चौदा हजार फोटोंपैकी तेवीस गेले होते, सगळे मार्चचे. बाकीचे होते. तिने सहाशे फोटो डोळ्यांनी उघडून बघितले, वाटेल तिथून, वाटेल त्या महिन्यातले. पांढरी मुळं काचेवर उतरलेली, एकेक धागा दिसत होता. मग तिने त्याच्या आणखी दोन नकला केल्या, एक सर्व्हरवर आणि एक डोनाच्या लोखंडी कपाटात, आणि बाथरूममध्ये जाऊन दार लावून रडली. पाच मिनिटं. मग तोंड धुऊन आली.

शुक्रवारी सर आले ते थेट चेंबरकडे. बारा रोपं पेट्यांमध्ये उभी होती, पण मधले दोन दिवस फोटो नव्हते, त्यांचा आता उपयोग नव्हता. डोना होती, निमिष होता, आणखी दोघं-तिघं उगाच काम असल्यासारखे घुटमळत होते. सरांनी इंग्लिशमध्ये, सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, की एक चांगली डिस्क काढून तुम्ही माझा प्रयोग मोडलात, बरोबर? जुनी डिस्क परत लावा. मला बघायचंय.

वल्लरीने वाद घातला नाही. जुनी डिस्क आणली, जागेवर बसवली, स्क्रू घट्ट केले, बटण दाबलं. पंखा फिरला. डिस्क फिरली. मग आतून एक आवाज आला, जड, खोल, दातावर दात आपटल्यासारखा. खट्ट. थोड्या वेळाने पुन्हा, खट्ट. तिसऱ्यांदा खट्ट झालं, आणि मग डिस्क फिरायची थांबली. पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत आलं, की डिस्क सापडत नाही. सरांनी स्वतः बटण दाबून बघितलं. पुन्हा तीनदा खट्ट आणि शांतता. खरी मेलेली डिस्क कशी वाजते ते त्या दिवशी सगळ्यांनी ऐकलं, निमिषनेही.

घुटमळणारे निघून गेले. सर खुर्ची ओढून बसले, चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"फोटो?" त्यांनी विचारलं.

"आहेत. तेवीस सोडून सगळे."

"हं." दार सताड उघडं होतं, डोना तिथेच उभी होती, तरी ते मराठीतच बोलले. "आणि समजा, आज ही डिस्क चालू झाली असती? वर्षभर सुखाने चालली असती? मग?"

"मग तुम्ही मला ओरडला असतात."

"ते झालंच असतं. तू काय म्हणाली असतीस?"

"काही नाही. पुन्हा तसे आकडे दिसले की पुन्हा बंद केलं असतं."

"मला न विचारता?"

वल्लरी त्यांच्यासमोर उभी होती. मान खाली नव्हती आणि आवाजही चढलेला नव्हता.

"विचारलं होतं सर. तुम्ही नाही म्हणालात. म्हणून दुसऱ्यांदा विचारलं नाही."